दोन पेशंटांच्या मधली वेळ

आमच्या खान्देशात दातांच्या डॉक्टरची चौकशी एका प्रश्नात आटोपते: हात हलका आहे का? चोपड्याहून, शहाद्याहून, पारोळ्याहून नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतो. ‘दात भलता दुखी राहिना व ताई, कुणाकडे जाऊ?’ त्यापाठोपाठ लगेच दुसरा प्रश्न, किती घेईल? मी जळगावच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भावकीत अजून सिस्टरच आहे. त्यामुळे हे फोन माझ्याकडे येतात आणि येत राहावेत असंच मला वाटतं.

दोन्ही प्रश्न खरे आहेत. धडगावहून शहाद्याला एसटीने येणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. रात्रभर गाल धरून बसलेल्या बाईला दुखणं थांबण्यापलीकडे काही सुचत नाही. पण हात हलका असला आणि पैसे कमी घेतले, म्हणजे तिथे उपचार सुरक्षित होतात असं नाही. इंजेक्शन कळू न देणारा डॉक्टर तीच सुई भुलीच्या औषधाच्या ज्या बाटलीत घालतो, ती बाटली कशी वापरली गेली आहे, हे खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो तो डोळ्यांवरचा दिवा.

कुणासोबत दातांच्या दवाखान्यात गेले की मी दोन पेशंटांच्या मधली वेळ बघते. आधीचा माणूस तोंडात कापूस धरून बाहेर आला आणि मदतनीस मुलीने पुढचं नाव पुकारलं, एवढ्या वेळात आत काय झालं? खुर्चीचं डोकं टेकायचं ठिकाण पुसलं का? डॉक्टर रक्ताळलेल्या हातमोज्यांनी ज्या दिव्याच्या दांडीला हात लावत होते, ती पुसली का, किंवा तिच्यावरचं प्लास्टिक बदललं का? थुंकी ओढणाऱ्या नळीचं टोक नवीन लावलं का? हातमोजे बदलले का, की त्याच मोज्यांनी फोन उचलून पुन्हा तोंडात हात गेला? हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, साध्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. तिथे लाल डाग दिसेलच असंही नाही.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हँडपीस, आपण ज्याला दात कोरायचं मशीन म्हणतो ते. हवेच्या दाबावर ते मिनिटाला लाखो फेरे फिरतं आणि सोबत पाण्याचा फवारा सोडतं. ते थांबतं त्या क्षणी समोरची थुंकी आणि रक्त त्याच्या पोटात ओढलं जाऊ शकतं. पुढच्या माणसाच्या तोंडात ते सुरू झालं की आत गेलेलं बाहेर येतं. म्हणून त्याला बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून काही साधत नाही. प्रत्येक पेशंटनंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कोंडलेल्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जायलाच हवं. आता हिशेब करा. हँडपीस धुणं, तेल देणं, पाकिटात भरणं, ऑटोक्लेव्हचा फेरा, सुकवणं आणि थंड होणं, या सगळ्याला पाऊण तास तरी जातो. बाजारच्या दिवशी एखाद्या डॉक्टरकडे वीस-पंचवीस माणसं बसलेली असतील आणि हँडपीस दोनच असतील, तर गणित बसत नाही. डॉक्टर कितीही सज्जन असोत, ते बसू शकत नाही. त्यामुळे मी थेट विचारते, ‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे हँडपीस किती?’ हा प्रश्न ऐकून चांगल्या डॉक्टरांचा चेहरा उजळतो, हे मी पाहिलं आहे. त्यांनी पदरचे पैसे घालून सात-आठ घेऊन ठेवलेले असतात आणि त्याबद्दल आजवर कुणी विचारलेलंच नसतं. भिंतीवरच्या टाइल्स आणि एसी सगळ्यांना दिसतात, हा खर्च कुणाला दिसत नाही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे काय, हे मी घरच्या बायकांना कुकरवरून सांगते. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, मग कितीही उकळा. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि तापमान १२१ अंशांवर जातं. तिथे अवजारं १५ ते ३० मिनिटं राहिली, किंवा १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं राहिली, की धनुर्वातासारख्या जंतूंची बीजंसुद्धा मरतात. नुसत्या उकळण्याने ती मरत नाहीत. अवजारं उकळून वापरायचा काळ मी पाहिलेला आहे. तो गेला ते बरंच झालं. पण अजून कुठे कोपऱ्यात स्टोव्हवर किंवा इलेक्ट्रिक बॉयलरमध्ये पाण्यात बुडालेले चिमटे दिसले, तर तिथून उठून यावं.

आणखी एक वस्तू लोकांना फसवते. काचेच्या दाराचं कपाट, आत निळा-जांभळा उजेड आणि उजेडात मांडलेली चकचकीत अवजारं. ते बघून माणूस निर्धास्त होतो. ते यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचं कपाट आहे. आधीच निर्जंतुक केलेली अवजारं ठेवायला ते चालेल, पण त्या उजेडाने अवजारं निर्जंतुक होत नाहीत. जिथे प्रकाश पोचत नाही, तिथे त्याचा काही उपयोग नाही, आणि दातांच्या अवजारांना खाचा, सांधे आणि दाते असतातच. मला निळ्या कपाटापेक्षा एका बाजूने कागदी, एका बाजूने पारदर्शक असलेली बंद पाकिटं बघायला आवडतात. त्यांच्यावर एक खूण असते, ती वाफेतून गेल्यावर रंग बदलते. पाकीट पेशंटच्या समोर फाडलं, रंग बदललेला आहे, कागद ओला नाही, कुठे भोक नाही, एवढं दिसलं तरी निम्मी काळजी मिटते. निम्मीच म्हणते, कारण ती खूण पाकीट गरम वाफेतून गेलं एवढंच सांगते. आतपर्यंत पुरेसा वेळ पुरेशी उष्णता पोचली का, यासाठी वेगळ्या पट्ट्या असतात आणि अधूनमधून जिवंत बीजांची चाचणी करावी लागते. शिवाय अवजार आधी घासून स्वच्छ केलेलं नसेल, त्याच्या दात्यांत रक्त सुकलेलं असेल, तर वाफ तिथवर पोचतच नाही.

आणि आपल्याकडची वीज. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, ट्रान्सफॉर्मर दम टाकतात, दुपारी लाइट जाते. ऑटोक्लेव्हचा फेरा मध्येच तुटला तर तो झालाच नाही असं धरायचं आणि लाइट आल्यावर पूर्ण फेरा पहिल्यापासून करायचा. आमच्या थिएटरमध्ये यावर वाद नसे, वरिष्ठ सर्जनही थांबत. छोट्या दवाखान्यात बाहेर माणसं खोळंबलेली, आत डॉक्टर एकटे, अशा वेळी काय होतं, हा मला कायम पडणारा प्रश्न आहे. ‘लाइट गेली की काय करता?’ हे मी विचारते. ‘इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह चालत नाही, म्हणून तयार सेट जास्त ठेवतो, ते संपले की अपॉइंटमेंट पुढे ढकलतो,’ असं सरळ उत्तर देणारे डॉक्टर मला तालुक्याच्या गावी भेटलेत. दोन लाकडी बाकं आणि एक पंखा एवढाच त्यांच्या दवाखान्याचा थाट होता.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, दाताने कुठं माणूस मरतं? त्यांना मी वाणियंबाडीचं सांगते. तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यातलं हे गाव. तिथे २०२३ मध्ये एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या माणसांना ताप आला, डोकं दुखू लागलं, बोलणं अडखळू लागलं. आठ जण गेले. माती-पाण्यात राहणारा एक जंतू तोंडातल्या जखमेतून शिरून मेंदूपर्यंत पोचला होता. मेलिऑयडोसिस हे त्या आजाराचं नाव. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे संशोधक माग काढत गेले, तेव्हा माग सलाइनच्या बाटलीपाशी निघाला. जखम धुवायच्या सलाइनच्या बाटलीचं झाकण हिरडी उचलायच्या निर्जंतुक न केलेल्या अवजाराने उचकटलं जात होतं, मग बाटली ढिली बंद करून पुढच्या पेशंटला वापरली जात होती.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या बाटलीचाच विचार करत होते. मी आयुष्यभर सलाइनच्या बाटल्या हाताळल्या. तिच्याइतकी साधी, स्वस्त, निरुपद्रवी वस्तू दवाखान्यात दुसरी नाही. उरलेली अर्धी बाटली फेकताना हात जड होतो, विशेषतः आपल्यासारख्या काटकसरीत वाढलेल्यांचा. पण फोडलेली बाटली एकाच पेशंटची, उरलं ते टाकायचं, हा नियम त्या काटकसरीच्या विरोधात जाऊनच पाळावा लागतो. तो मोडणाऱ्याच्या मनात पाप नसतं, आणि याचीच मला भीती वाटते. गल्ल्यावर डोळा ठेवून लबाडी करणारा डॉक्टर निदान ओळखू येतो. चार रुपये वाचवावेत म्हणून अर्धी बाटली जपून ठेवणारा प्रेमळ माणूस ओळखू येत नाही.

भुलीच्या औषधाचंही असंच. आपल्याकडे लिग्नोकेनची बाटली पुष्कळदा अनेकांसाठी मिळून एकच असते. पेशंटला एकदा टोचून झालं, तो म्हणाला ‘अजून कळतंय’, की पुन्हा थोडं औषध घ्यावं लागतं. ते घेताना नवी सुई आणि नवी सिरिंज घेतली तर ठीक. तोंडातून काढलेली सुई परत बाटलीत गेली, की ती बाटली त्या दिवसाच्या उरलेल्या सगळ्या पेशंटांची झाली. एकट्या माणसापुरती औषधाची छोटी काडतुसं (कार्ट्रिज) मिळतात, ती वापरणारे डॉक्टर असतील तर फारच छान. मोठी बाटली असेल तर माझा डोळा त्या सुईवर असतो. वापरलेली सुई कुठे जाते तेही बघते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया-ब्लेड न भोसकला जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात जायला हवी. एकाच बादलीत सगळं दिसलं तर बाकीचंही त्याच बेताचं असणार, असं मी समजते.

पण स्वच्छता म्हणजे सगळा उपचार नव्हे. माझ्या चुलतसासूबाईंना, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, एक हलणारा दात काढायचा होता. डॉक्टरांनी दाताला हात लावायच्या आधी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? जिजींनी पिशवी उलटी केली. साखरेची, बीपीची आणि रक्त पातळ करायची. डॉक्टरांनी रक्ताची गोळी स्वतःच्या अधिकारात बंद केली नाही. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, साखर मोजली, एक्स-रे काढला, एकच दात काढला, टाका घातला आणि रक्त थांबल्याची खात्री होईपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवलं. हाडं मजबूत करायचं वर्षाचं इंजेक्शन घेतलंय का, हेही विचारलं, कारण तसं इंजेक्शन घेतलेल्यांच्या जबड्याची जखम कधीकधी भरत नाही. त्याच दिवशी दुसरा दातही काढा, पुन्हा कोण येणार, असा जिजींचा हट्ट होता. डॉक्टर बधले नाहीत.

त्याहून मला आवडलं ते त्यांनी तोंड कसं बघितलं ते. जिजींची मशेरी लहानपणापासूनची. आपल्या गावांत तव्यावर तंबाखू जाळून सकाळी दातांना लावणाऱ्या बायका अजून घरोघरी आहेत, आणि पुरुषांकडे गुटखा आहेच, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी. डॉक्टरांनी आरशाने गाल ओढून आतून पाहिले, जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा पाहिल्या, जबड्याखाली गाठ चाचपली, तोंड किती उघडतं ते बघितलं. तीन बोटं उभी मावतात का, ही साधी खूण आहे. गुटख्याने गाल आतून राठ होत गेले की आधी दोन बोटं, मग एकच मावतं. पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, या गोष्टी पेशंट सांगत नाही. त्या दुखत नाहीत, आणि तो आलेला असतो दुसऱ्याच दातासाठी. ज्या भागात इतकी तंबाखू खाल्ली जाते, तिथे दुखणारा दात तेवढा बघून माणसाला परत पाठवणं, याला मी चांगला उपचार म्हणू शकत नाही. मग तो दात कितीही सुंदर भरलेला असो.

रूट कॅनलसाठी जाणाऱ्यांना मी रबर डॅमचं विचारायला सांगते. तो एक पातळ रबरी पडदा असतो, त्यातून फक्त तो एक दात वर काढतात. सुईसारख्या बारीक फाइली घशात पडू नयेत, दातात सोडायचं झणझणीत औषध जिभेवर सांडू नये आणि थुंकी दातात जाऊ नये म्हणून तो असतो. पुष्कळ ठिकाणी वेळ लागतो म्हणून तो लावत नाहीत. विचारणारे वाढले तर लावतील.

पाटीवरचं नाव आणि आतला माणूस एकच आहे का, हेही पाहावं लागतं. दंतवैद्यांच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, नंबर ताडून पाहता येतो. बीडीएस या दातांच्या डॉक्टरच्या पदवीला इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात. १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या, पण आधीपासून याच कामावर पोट असलेल्या लोकांसाठी नोंदवहीत वेगळा ‘ब’ भाग ठेवला होता. ती पिढी आता संपली. तरी आठवडे बाजारात चटईवर कवळ्या मांडून बसणारे लोक अजून दिसतात आणि शेजारच्या चांगल्या दातांना तारेने आणि प्लास्टिकने खोटा दात कायमचा चिकटवून देतात. त्याच्याखाली हिरडी सडते. त्यांच्याकडे जाणाऱ्याला मी रागावत नाही. बत्तीशी गेल्यावर कळण्याची भाकरी नि बिबड्या सुटतात आणि ताटातला घास न् घास मऊ करून खावा लागतो. ज्याच्यावर ही वेळ आली, त्याला दोनशे रुपयांत दात मिळत असेल तर तो जाणारच. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या नजरेखाली उपचार करतात. वेळ लागतो, पण एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर असते. मी पुष्कळांना तिकडे जायला सांगते.

सगळ्यात अवघड म्हणजे विचारणं. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न केला की त्याचा अपमान झाला असं मानतात. माझी नणंद तर म्हणाली, ‘असं विचारलं आणि त्यांनी रागानं जोरात दात ओढला तर?’ मी तिला सांगितलं, खुर्चीत बसण्याआधी विचार, तोंड उघडल्यावर नको. मोठ्या आवाजात नको, चार माणसांत नको. एवढंच म्हण, ‘साहेब, अवजारं कशी साफ करतात ते मला दाखवाल का? मला समजत नाही म्हणून विचारते.’ दाखवणारा माणूस उत्साहाने दाखवतो. मदतनीस मुलीला हाक मारतो, आणि तीही हरखून सांगते, कारण रोज हे सगळं करणारी तीच असते. तिला हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का, हे विचारलं तर दवाखाना आपल्या माणसांना कसं वागवतो तेही कळतं. जो चिडतो, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ असं म्हणतो, तो कदाचित नुसता थकलेला असेल. पण मी तिथे माझं माणूस बसवणार नाही.

थिएटरमध्ये आमची एक वही असायची. प्रत्येक फेऱ्याची तारीख, लोड नंबर, तापमान, दाब, किती मिनिटं, शेजारी रंग बदललेली पट्टी चिकटवलेली आणि खाली सही. सही ज्या सिस्टरची, जबाबदारी तिची. अशी वही दातांच्या प्रत्येक दवाखान्यात असावी आणि ती आत कपाटात न राहता बाहेर, माणसं बसतात तिथे, टीव्हीखाली ठेवलेली असावी, असं मला फार वाटतं. आजच्या पानावर सकाळची पट्टी आहे की नाही, हे बघायला कुणी डॉक्टर असायची गरज नाही. दहावीला असलेली नातही आजीला वाचून दाखवेल. माझ्या ओळखीच्या काही डॉक्टरांपाशी मी हे बोलले आहे. एकांनी लगेच आतून वही आणून दाखवली, ते ती आधीपासून लिहीत होते, आणि बाहेर ठेवायला आपली हरकत नाही म्हणाले. दुसरे म्हणाले, बघू. त्यांच्याकडे मी जिजींना टाका काढायला घेऊन गेले तेव्हाही विषय काढला, आणि कवळीचं माप द्यायला जाऊ तेव्हा पुन्हा काढणार आहे.